अम्मीची मुलं किती

मुबश्शिर भाई, सलाम.

तू अम्मीला न विचारता निकाह केलास, तेव्हापासून तुला फोन करायचा नाही अशी तिने मला शपथ घातलीय. पत्राबद्दल मात्र ती काही बोललेली नाही.

अम्मीच्या मेंदूत गाठ निघाली. वाईट जातीची, चांगल्या मेंदूतही मुळं सोडणारी. ती बोलण्याच्या जागेला लागूनच होती, म्हणून डॉक्टरांनी अम्मीला जागं ठेवून ऑपरेशन केलं. ती नीट बोलतेय तोवरच गाठ कापायची. बोलतं ठेवायला त्यांनी विचारलं, "मुलं किती?"

भिवंडीभर "एकच, अफीफा" असं सांगणारी अम्मी म्हणाली, "दोन हायेत. थोरला मुबश्शिर. अडेल हाय, माझ्यावर गेलाय."

डॉक्टरांनी बाहेर येऊन हसत हसत हे सांगितलं. मी तिथेच रडले.

मुळं थोडी राहिलीच आहेत, गाठ परत येऊ शकते. ती परत येऊ नये म्हणून रुग्णाच्याच गाठीपासून लस बनवून द्यायची नवी चाचणी चालू आहे, तिथे तिचं नाव दिलंय. खात्री कोणी देत नाही. अम्मी मात्र टेमघरच्या आपल्या घरी आल्यापासून सगळ्यांना दटावतेय.

आत्ताच तिने मोबाइल मागितला. "मुबश्शिरला लाव," म्हणाली.

आता हे पत्र टाकत नाही, फोनच लावते. फोन उचल, आणि आधी तिलाच बोलू दे.

तुझी बहीण,
अफीफा