पाहुणा, फक्त पाहण्यापुरता

सोमवार, ४ मार्च

डोळे गेले. दिवसभर कॉम्प्युटरवरची ती काळी खिडकी आणि तिच्यात टाइप केलेल्या आज्ञा. प्रत्येक विभागाला फायली ठेवायला, मिळून काम करायला आपापली वेबसाइट हवी. हातानं एकेक करत बसले तर त्यातच निवृत्त होईन. म्हणून सगळ्या आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवल्यात. ती साइट बांधते आणि कोण मालक, कोण सदस्य, कोण पाहुणा तेही ठरवते. मालकानं काहीही बदलावं, सदस्यानं लिहावं, पाहुण्यानं फक्त पाहावं. साहेब म्हणाले, "तुमचं बरंय, एक बटण दाबलं की झालं." बटण!

घरी आले तर बाबांचा चष्मा फ्रिजमध्ये. "आलीस का पोरी?" म्हणाले. दिवसभर त्यांना सांभाळणाऱ्या मावशी निघाल्या आणि माझी दुसरी पाळी सुरू.

मंगळवार, ५ मार्च

साहेबांना विचारून ऑफिसच्याच ऑनलाइन जागेत घरासाठीही एक साइट केली. तीच स्क्रिप्ट, नाव तेवढं बदललं. बाबांची औषधं, डॉक्टरांचे कागद, आणि कोणत्या दिवशी त्यांच्याजवळ कोण थांबणार त्याचा तक्ता. तक्त्यातले सगळे शनिवार-रविवार माझेच. दादाला निमंत्रण पाठवलंय. तो दुसऱ्या शहरात, त्याचे व्याप वेगळे, सगळं मान्य. पण एक रविवार जरी त्यानं घेतला तरी मी झोपेन. नुसती झोपेन.

गुरुवार, ७ मार्च

दादाचा मेसेज: "उघडलं. वर लिहिलंय, आपण पाहुणे आहात, फक्त पाहता येईल. छान."

त्या "छान"पुढे पूर्णविराम होता. दादा पूर्णविराम देतो तेव्हा चिडलेला असतो. फोन केला.

"अरे, ते मशीननं केलंय."

"मशीनला कुणी सांगितलं?"

मीच. बाहेरचा ईमेल दिसला की पाहुणा, असा स्क्रिप्टचा नियम आहे. कंपनीसाठी बरोबरच आहे तो. लगेच साइटवर जाऊन त्याला मालक केलं. विषय संपला.

शुक्रवार, ८ मार्च

संपला कुठला! सकाळी दादा परत पाहुणा. "काल मालक, आज पाहुणा. ठरव एकदा काय ते." मी सेव्हच केलं नसेल. आजकाल माझाही भरवसा नाही. पुन्हा मालक केलं.

शनिवार, ९ मार्च

पुन्हा पाहुणा. दादाचा फोन. "उद्याच्या रविवारी नाव टाकत होतो माझं, तर टाकूच देत नाही. तुला एकटीलाच करायचं असेल तर तसं सांग ना. स्वतःच्या बापाच्या घरात पाहुणा मी!"

मग मीही तोंड सोडलं. "महिनोन्महिने फिरकत नाहीस, मग दुसरं काय म्हणायचं तुला?"

त्यानं फोन ठेवला. रडायला वेळ नव्हता, बाबांची चादर बदलायची होती.

रविवार, १० मार्च

कोणी आलं नाही.

सोमवार, ११ मार्च

खरेदी विभागातल्या बाई वैतागल्या होत्या. "अहो, मी परवानगी बदलते आणि सकाळी बघते तर जुनीच! भूत आहे का आत?" माझं ठरलेलं उत्तर आपसूक तोंडात आलं. "हातानं बदलू नका हो. स्क्रिप्ट रोज पहाटे चालते आणि आपलं तेच खरं करते. बदल स्क्रिप्टमध्येच करायचा."

फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले.

अख्ख्या कंपनीला हे वाक्य ऐकवून माझी जीभ झिजली. आणि घरची साइट मीच त्या रोजच्या फेरीत घातलेली! मी दिवसा दादाला मालक करत होते आणि माझीच स्क्रिप्ट पहाटे त्याला बाहेर काढत होती. त्याला वाटलं, मी मुद्दाम खेळवतेय. मला तरी दुसरं काय वाटलं असतं?

स्क्रिप्ट उघडली. दादाच्या ईमेलसाठी एक ओळ वाढवली: हा पत्ता बाहेरचा नाही, मालकाचा आहे.

बुधवार, १३ मार्च

काल आणि आज, दोन्ही सकाळी बघितलं. दादा मालकच आहे. त्याला सगळं लिहून कळवलं. शनिवारी बोलले त्याचं वाईट वाटतंय, हेही लिहिलं. उत्तर नाही. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. पाठ दुखतेय.

शुक्रवार, १५ मार्च

जेवणाच्या सुट्टीत सहज तक्ता उघडला. रविवारपुढे माझं नाव खोडलेलं. तिथे दादानं लिहिलंय, "मी येतो, तू झोप"

पूर्णविराम नाही.

रविवार, १७ मार्च

दादा सकाळीच आला. बाबांनी पाहताक्षणी ओळखलं त्याला, हात धरून आत आणलं, शेजारी बसवलं. मग माझ्याकडे बघत हळूच त्याला विचारलं, "ह्या पाहुण्या मघापासून उभ्या आहेत. कोण रे?"

दादा म्हणाला, "पाहुण्या नाहीत, बाबा. मालक आहेत."

बाबा गडबडीनं उठले आणि त्यांनी आपली खुर्ची मला दिली.