घरातला जाणकार : वजा दोन

३ जून, सोमवार

शेवटी वेळ आली. जोखमीचे निकष बदलायचं ठरलं आणि समितीत माझं नाव, म्हणून माझे गावोगावचे दौरे तूर्त बंद. गरोदर बाई केंद्रावर आली की तिला जादा आहाराची पाकिटं द्यायची का, नर्सने तिच्या घरी फेरी मारायची का, हे सगळं निकष ठरवतात. वजन, रक्त, आधीचं बाळंतपण, प्रत्येकाला गुण. गुण भरले की बाई जोखमीत.

आताच्या निकषांत नुसते आकडे आहेत, माणूस नाही. माणूस मी घालणार. या कार्यक्रमात मी गोदामात पोती तोलण्यापासून सुरुवात केली, आज कार्यक्रम अधिकारी आहे. समितीच्या प्रमुख डॉक्टर मॅडम पुस्तकं वाचून आल्या, मी पोती उचलून आलो. फरक राहणारच.

संकल्प : महिनाअखेर मसुदा तयार. समितीला फक्त सह्यांपुरतं ठेवायचं.

घरात सूनबाईला पाचवा महिना. म्हणजे सिद्धांत ऑफिसात, प्रात्यक्षिक घरी.

५ जून

वाट्यांवर मापाच्या रेघा मारल्या. रंग मिळेना, म्हणून सूनबाईची लाल नेलपॉलिश घेतली. इथपर्यंत डाळ, इथपर्यंत पालेभाजी. हिने विचारलं, "अहो, या वाट्या आहेत की थर्मामीटर?" विज्ञानाला हसायची हिची जुनी खोड.

जेवताना सूनबाईला पालेभाजीतल्या लोहाची माहिती दिली. मग अंड्यातल्या प्रथिनांची. चहामुळे लोहाची वाट कशी अडते, तेही सांगितलं. पोरगी गुणी. इतकं मन लावून ऐकते की घास हातातच राहतो. ताटातलं उरलेलं मी संपवलं. अन्न टाकणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

९ जून, रविवार

माझे कान तिखट आहेत, हे सगळे मान्य करतात. सकाळी पेपर आणायला निघालो, चप्पल सापडत नव्हती म्हणून दाराशीच होतो. आतून सूनबाईचा आवाज : "आई, बाबा गेले का?" ही म्हणाली, "थांब जरा, फाटक वाजू दे."

केवढी काळजी! माणूस सुखरूप बाहेर पडला की नाही, याकडे दोघींचं लक्ष. डोळे भरून आले. परत आलो तर ओट्यावर तवा गरम, अंड्यांची टरफलं पडलेली. कुणी खाल्लं विचारलं, तर दोघी हसायला लागल्या.

१२ जून

आंघोळ करताना सुचलं. साबण डोळ्यात तसाच.

आजवरचे सगळे निकष गुण वाढवणारे. कमी करणारा एकही नाही! नवा निकष : "घरात पोषणाची माहिती असलेली जबाबदार व्यक्ती असल्यास : वजा दोन." ज्या घरात जाणकार आहे, तिथे पाकिटं कशाला? ती खरी गरजवंतांना जातील. एवढं साधं आजवर कुणाला सुचू नये, याचं नवल वाटतं. की वाटू नये?

१४ जून, बैठक

निकष मांडला. मॅडम म्हणाल्या, "पण याने एखादी खरी जोखमीतली बाई बाहेर पडली तर?" मी म्हणालो, "मॅडम, माझ्या घरचंच उदाहरण घ्या." तेवढ्यात सिस्टरला खोकला आला. केंद्रावरची ही नर्स कामाची चांगली, पण खोकला बरेच दिवस आहे. माझं बोलणं सुरू झालं की उसळतो. तपासून घ्यायला सांगायला हवं.

ठरलं : आधी आमच्याच केंद्रावर चाचणी. मी स्वतः हजर राहणार.

१८ जून

चाचणी. यश अपेक्षेबाहेर.

"घरात जाणकार व्यक्ती आहे का?" असं विचारलं की प्रत्येक बाई सोबत आलेल्या माणसाकडे बघायची आणि "आहे" म्हणायची. एका सासूबाईंनी सुनेला उत्तर देऊच दिलं नाही. म्हणाल्या, "मी आहे ना! आमच्यात बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. थोडकं खाल्लं की पोर लहान राहतं, बाळंतपण सोपं जातं." सून भिंतीला टेकून उभी होती, ओठ पांढरे. रक्त कमी म्हणून अधिक दोन, जाणकार सासूचे वजा दोन. जोखीम शून्य.

सिस्टर म्हणाली, "सर, हिला रिकाम्या हाताने पाठवू?" मी म्हणालो, निकष म्हणजे निकष. नंतर मन खाऊ लागलं, तेव्हा माझ्या अधिकारात पाकिटं दिली. अपवाद म्हणून. असे अपवाद दिवसभर करावे लागले. अपवादांसाठी वेगळा निकष लागेल असं दिसतं.

सूनबाईलाही आणलं होतं. निरोगी नमुना म्हणून. गेल्या वेळेपेक्षा वजन वाढण्याऐवजी थोडं उतरलेलं. अधिक दोन. जाणकार मी. वजा दोन. शून्य! म्हणजे निकष किती अचूक आहे बघा. वजन खाली जाऊनही जोखीम नाही.

१९ जून

चिरंजीव संध्याकाळी माझ्या खोलीत आला. सहसा येत नाही. "बाबा, तिचं वजन वाढत नाहीये. सहावा लागेल आता. बाळाचं काय?" मी म्हणालो, घाबरू नकोस, निकष शून्य दाखवतोय. तो म्हणाला, "बाबा, निकष तुम्हीच केलाय ना?" अर्थातच. म्हणून तर खात्री देतोय.

दार ओढून घेऊन गेला. बाप होणार म्हणून हळवा झालाय.

संकल्प : जेवतानाचं मार्गदर्शन वाढवायचं. नाश्त्यालाही सुरू.

२४ जून

कारण सापडलं. काटा बिघडलाय! केंद्रावरचा काटा जुना. आयुष्य तोलण्यात गेलं, मला कोण शिकवणार? प्रमाणित वजनं मागवली, शर्टाच्या बाह्या सरसावल्या, सगळ्यांसमोर काटा तपासला.

काटा बरोबर आहे.

खात्रीसाठी स्वतः उभा राहिलो. माझं बरंच वाढलंय. सिस्टर म्हणाली, "सर, घरात कुणाचं तरी भरतंय म्हणायचं." खोकला नव्हता आज.

वाढणारच. रोज तिच्या ताटातलं उरलेलं कोण संपवतं? तिचं पोषण वाया जाऊ नये म्हणून मी आपलं शरीर पणाला लावलंय, हे कुणाला दिसत नाही.

२ जुलै

मॅडमनी चाचणी पुन्हा घ्यायला लावली. यावेळी बाईला एकटीला आत बोलवायचं, सोबतची माणसं बाहेर. माझाही समावेश "सोबतची माणसं" यात. अधिकाऱ्याला बाकावर बसवलं. शेजारी त्या सासूबाई. आमचं जमलं. त्यांनाही घरात कुणी ऐकत नाही.

बाक दाराजवळ. कान तिखट. माझा नाइलाज होता.

आतली एक मुलगी सिस्टरला सांगत होती, "घास उचलला की त्यात काय काय आहे ते सांगतात. तोंडापर्यंत नेईतो घासाचं औषध झालेलं असतं. मग उतरतच नाही हो खाली. आणि खाल्ला नाही तर तो का खायला हवा, ते सांगतात." सिस्टर हसली. विचारलं, मग पोटभर जेवतेस कधी? "ते दौऱ्यावर गेले की. मी आणि आई ओट्याशी उभ्या उभ्याच जेवतो. पातेलं पुसून निघतं. पण हल्ली दौरेच नाहीत." मग म्हणाली, "मनाने वाईट नाहीत. म्हणून तर बोलता येत नाही. पण मला भीती वाटते सिस्टर, पोटातलं हलतं ते मला फार हळू वाटतं."

ऐकून जीव कळवळला. काय एकेक घरं असतात! कोण हा माणूस? याला समोर बसवून समजावायला हवं. पुढे ती म्हणाली, वाट्यांवर लाल रेघा मारल्यात. रेघा आमच्याकडेही आहेत. चांगली कल्पना कशी पसरते बघा.

आवाज ओळखीचा वाटला. सर्दी झालेली असावी, तिला किंवा मला.

४ जुलै

सर्दी नाही.

त्या दिवशी आत फक्त एकच बाई गेली होती जिच्या घरच्यांचे दौरे असतात. हे काल ऑफिसात चहा पिताना लक्षात आलं. चहा तसाच ठेवला.

अर्थात तिने थोडं वाढवून सांगितलं असणार. या दिवसांत बायका हळव्या होतात. नाश्त्यालाच विचारून टाकणार होतो. विचारलं नाही. ती केळं सोलत होती. मी केळ्याविषयीही काही बोललो नाही. माझ्याकडे बघत होती, आता सुरू करतील म्हणून. मी खिडकीकडे बघितलं. तिने अर्धं खाल्लं. उरलेलं अर्धं मी खाल्लं.

११ जुलै, बैठक

माझा निकष टिकला! जुने बरेच गळाले, मॅडमचाही एक उडाला, माझा राहिला. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खरं सांगते, एवढा उपयोगी निकष दुसरा निघाला नाही. बाई एकटी बोलली की बरोबर जोखीम पकडतो." टाळ्या. मी उठून आभार मानले, दोन शब्द बोललो. दोनाचे थोडे जास्त झाले.

बसल्यावर मसुदा हातात आला. "जेवताना सतत सूचना करणारी जाणकार व्यक्ती घरात असल्यास : अधिक दोन."

टाइप करणाऱ्याची चूक असेल म्हणून मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, "नाही हो, चूक नाही. चिन्ह तेवढं बदललंय." आणि हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं, "त्या सासूबाईंच्या सुनेला पाकिटं सुरू केली. तुमच्या सुनेचंही नाव घेतलंय. राग मानू नका."

कार्यक्रम अधिकाऱ्याची सून जोखमीत. कारण : कार्यक्रम अधिकारी.

घरी हिला सांगितलं. वाटलं, हसेल. ही हसली नाही. म्हणाली, "अहो, मी तुम्हाला किती वेळा खुणावलं. तुम्हाला वाटायचं, मी मीठ मागतेय."

१२ जुलै

संकल्प : जेवताना एक शब्द बोलायचा नाही. निश्चय पक्का. पोतं एकदा पाठीवर घेतलं की मी कधी खाली टाकलेलं नाही.

दुपार : डाळ आली. गप्प बसलो. पालेभाजी आली. गप्प. सूनबाईने लिंबू बाजूला सारलं, आणि माझ्या तोंडून गेलं, "लोहासाठी लिंबू फार—" पुढचं गिळलं. पण तिने घास खाली ठेवला होता.

टाकलं पोतं.

१५ जुलै

मॅडमकडे जाऊन स्वतःच दौरा मागितला. दूरच्या केंद्रांना नवे निकष समजावून द्यायला कुणीतरी हवंच. आनंदाने दिला. म्हणाल्या, "तो शेवटचा निकष तुमच्याइतका कुणाला समजावता येणार नाही."

१९ जुलै

गावोगावी फिरून सांगतोय. कुणी विचारलं, असा माणूस ओळखायचा कसा, तर खुणा सांगतो. वाट्यांवर रेघा, दुसऱ्याच्या ताटावर नजर, स्वतःचं पोट पुढे. लोक हसतात. मीही हसतो, जरा उशिरा.

२२ जुलै

घरी फोन केला. हिला फक्त तब्येत विचारणार होतो. दुधाचा विषय निघाला, म्हणजे मीच काढला. बराच वेळ बोललो. मग लक्षात आलं, पलीकडून भांड्यांचे आणि हसण्याचे आवाज येताहेत, "हं" म्हणणारं कुणी नाही. ओट्यावर फोन ठेवून दोघी जेवत होत्या.

फोन बंद केला नाही. ऐकत बसलो. सूनबाई म्हणाली, "आई, अजून आहे का भात?"

कान तिखट असल्याचा पहिल्यांदा फायदा झाला.

६ ऑगस्ट

सिस्टरचा फोन. वजन चढलं. बाळाची वाढ ठीक, ठोके ठीक. "सर, पाकिटांचा गुण म्हणायचा की दौऱ्याचा?" मी म्हणालो, निकषाचा. ती म्हणाली, "तेही खरंच." चक्क चिडवत नव्हती.

लॉजच्या खोलीत एकट्याने जेवलो. ताटात काय काय होतं ते भिंतीला सांगितलं. भिंतीने सगळं ऐकून घेतलं. तिची भूक मोडली नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

परत आलो. चिरंजीवाने दारातच बॅग घेतली आणि कानाशी म्हणाला, "बाबा, प्लीज." मी मान हलवली.

जेवायला चौघं. सूनबाईचा चेहरा भरलाय. माझी खुर्ची टेबलाच्या टोकाला सरकवलेली होती, तिथे मुकाट बसलो. डाळ गेली, भाजी गेली, अंडं गेलं. ही मधूनमधून माझ्याकडे बघत होती, उकळी आलेल्या दुधाकडे बघतात तसं. सूनबाईलाच बहुधा माझी दया आली. घास हातात धरून तिने विचारलं, "बाबा, या पालेभाजीत काय असतं हो?"

पोरीने स्वतः विचारलं! सगळं एकदम घशाशी आलं. लोह, जीवनसत्त्वं, लिंबू, चहा, सगळं. चिरंजीवाने डोळे मिटून घेतले.

मी म्हणालो, "मीठ."

ती इतकी हसली की ठसका लागला. मग पाणी प्यायली, घास खाल्ला आणि पुन्हा भाजी वाढून घेतली.

मला मात्र आजचं जेवण जड जाणार असं दिसतं.