पिवळ्या झेंड्याची सायकल

शनिवार, १३ मार्च १९९३

आले: सायकल, बायकांची, जुनी, ४० डॉलर (सांगत होता ५५). हेल्मेट, चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतून, २ डॉलर. घामाचा वास धुऊन निघेल. पंक्चर काढायची डबी, १.८०. सायकलीला मागे उंच काठीवर पिवळा झेंडा आहे, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. विकणारा हॉर्शम गावचा एक म्हातारा. बायकोची होती, तिला आता लागत नाही, म्हणाला. मी पुढे विचारले नाही. चौकशी केली की भाव वाढतो.

१७ एप्रिलला कर्करोग संशोधनासाठी सायकलफेरी आहे, शंभर किलोमीटर. नाव दिले. कोरल म्हणाली, "अगं मेल्वा, अठ्ठावन्नाव्या वर्षी? तू शेवटची सायकलवर बसलीस तेव्हा युद्ध चालू होतं!" कोरल चर्चच्या गायनात माझ्या शेजारी उभी राहते आणि आठवडाभर डॉक्टरच्या दवाखान्यात टेबलामागे बसते. गावात कोणाला काय झाले ते डॉक्टरच्या आधी तिला कळते. म्हणून त्या दवाखान्यात सध्या जाणे नाही.

जायची गरज आहे असेही नाही. उजव्या स्तनात हाताला काहीतरी लागते, इतकेच. शर्टाच्या बटणाएवढे. जानेवारीत मेंढ्यांचे फाटक आपटले होते, ते असणार.

रविवार, १४ मार्च

पास्टर लिंके प्रवचनात म्हणाले, देवाशी सौदा होत नसतो, त्याची कृपा फुकट असते. हे मला लहानपणापासून पाठ आहे. मी सौदा केलेला नाही. प्रार्थनेत फक्त त्याच्या कानावर घातले की मी शंभर किलोमीटर जाणार आहे, आणि पैसे सगळे संशोधनाला. बटणाचा विषय त्याच प्रार्थनेत निघाला, तो सहज.

फेरी झाली की येणाऱ्या सोमवारी डॉक्टर. तोपर्यंत लागणारही नाही.

गुरुवार, १८ मार्च

ठरवले होते वीस किलोमीटर. झाले चार. गव्हाच्या कोठारापाशी काटा घुसला, मागचे चाक बसले. डबीतला डिंक वाळलेला निघाला (१.८० परत मागणे). एर्विन गाडी घेऊन आला. लग्नाचा नवरा, पण सायकल मागे टाकताना म्हणाला, "तुला सायकल गाडीत घालून फिरवायची असेल तर तसं सांग ना, मी रोज नेईन."

मी हसले नाही. त्याची पँट या आठवड्यात तशीच फाटकी राहील.

उद्यापासून रोज पहाटे. लोणी बंद.

सोमवार, २२ मार्च

पहाटे थंडी. लोणी चालू, कारण ताकद हवी.

शनिवार, २७ मार्च

अठरा किलोमीटर! शेजारच्या गावापर्यंत, न थांबता (दोनदा थांबले, ते पाण्यासाठी). आणि काय तो मान! गव्हाचा ट्रक मागून आला तर हॉर्न न वाजवता माझ्या मागे हळूहळू चालला, आणि पुढे जाताना ड्रायव्हरने टोपी काढली. बेकरीतल्या बाईने स्कोनचे पैसे घेतले नाहीत. माझा हात हातात धरून म्हणाली, "तुमच्यासारख्यांना बघितलं की आम्हाला बळ येतं हो." मी म्हटले, रोज पहाटे उठते, दुसरे काही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आले. आमच्या ल्युथरन चर्चच्या बायकांविषयी तिकडे इतका आदर असेल असे वाटले नव्हते. वाचले: १.२०.

ही खूण आहे असे मी म्हणणार नाही. पण देवाच्या कानावर गेलेले दिसते.

शुक्रवार, ९ एप्रिल, गुड फ्रायडे

चाचपून पाहिले. कोटाच्या बटणाएवढे. पण लहान मुलाच्या कोटाच्या. सायकलवर वाकून बसण्याने सूज येत असेल.

आता १७ तारखेपर्यंत हात लावायचा नाही. निश्चय.

एर्विनने विचारले, "एवढा हट्ट कशासाठी चाललाय? आपल्या घरात तर कोणाला तसलं काही नाही." म्हटले, तेच तर. त्याने वीस डॉलर दिले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

शनिवार, १० एप्रिल

हात लावला. लहान मुलाचा कोट नाही.

बटणांचा डबा फळीवर सगळ्यात वर ठेवून दिला.

शनिवार, १७ एप्रिल, पहाटे

सगळे तयार. सँडविच चार, मेटवुर्स्ट सॉसेज घालून. आज शंभर पुरे झाले की संपले. देवा, मी काही मागत नाही, तुला आठवणच करून देते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

एकसष्ट किलोमीटर.

उत्तरेचा वारा तोंडावर, जळलेल्या शेतांची काळी धूळ दातांत. प्रत्येक गावात लोक माझ्यासाठी उठून टाळ्या वाजवत होते, पुढे गेलेल्या तरुण पोरांसाठी नव्हते उठत. चढावर एका दाढीवाल्या दांडग्या माणसाने माझ्या पाठीला हात लावून मला वरपर्यंत ढकलले. तोंडाने, "चला मावशी, आता हरायचं नाही!" आणि स्वतः रडत होता. मला वाटले धूळ गेली.

एकसष्टाव्याला पाय संपले. कडेला धसकटांत बसले, उठताच येईना. मागून थकलेल्यांना गोळा करणारी मिनीबस आली. चालवणारी नोरीन, माझ्याच वयाची, सिगारेटी ओढून आवाज घोगरा झालेला. बसमध्ये मी एकटीच. तिने झेंडा काठीसकट काढून माझ्या मांडीवर दिला, अगदी जपून. म्हणाली, "एकसष्ट म्हणजे पुष्कळ झालं गं. माझं ऑपरेशन झालं, त्यानंतर मला फाटकापर्यंत जाववत नव्हतं. तुझं कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"ऑपरेशन. हा पिवळा झेंडा या फेरीत दर वर्षी आमच्यातल्यांनाच देतात. ज्यांना कॅन्सर होऊन गेलाय त्यांना."

ट्रक, टोपी, स्कोन, दाढीवाला, सगळे एकदम समजले. तो म्हातारा आणि तिला आता सायकल का लागत नाही, तेही. सायकल सेकंडहँड घेतली, झेंडा तिच्यावर होताच, एवढेच सांगायचे होते. तोंडातून निघाले, "अजून नाही झालं."

नोरीनने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केले. "अजून म्हणजे?"

मी सांगितले. फाटक, बटण, कोट, सगळे. एवढे मी कोणाला सांगितले नव्हते. देवालाही निम्मेच.

"अगं बाई," ती म्हणाली, "आधी डॉक्टरकडे जायचं असतं, मग झेंडा मिळतो!" आणि आम्ही दोघी हसत सुटलो, आणि मग मला ते हसणे थांबवता येईना, आणि मग ते हसणे राहिले नाही.  नोरीन माझी मान धरून बसली होती.

रविवार, १८ एप्रिल

चर्चला गेले नाही. पाय.

एकसष्ट म्हणजे निम्म्याहून जास्त. शिवाय करार नव्हताच, तेव्हा मोडलाही नाही. उरलेले एकोणचाळीस पुढच्या शनिवारी एकटीने पुरे केले, की मग

नाही.

भांडी घासताना एर्विनला सांगितले. त्याच्या हातात ताटली होती, ती तो पुसतच राहिला. कोरडी झाल्यावरही. मग फडके खांद्यावर टाकून बाहेर गेला, तो थेट गाडीपाशी. खिडकीतून पाहिले, तेल तपासत होता, टायर दाबून पाहत होता, टाकीत पेट्रोल ओतत होता. आत येऊन म्हणाला, "मेलबर्नला साडेतीन तास. पेरणी थांबेल." नंतर म्हणाला, "मला वाटलं होतं, तू माझ्यावर रागावली आहेस."

रात्री प्रार्थनेला काही सुचले नाही. तशीच गुडघ्यांवर बसले.

सोमवार, १९ एप्रिल

मेलबर्नच्या हॉस्पिटलला पाठवलेल्या पत्राची नक्कल:

"माननीय डॉक्टर यांस,

माझे वय अठ्ठावन्न. उजव्या स्तनात गाठ आहे, किमान जानेवारीपासून. वाढली आहे. गावातल्या डॉक्टरकडे गेले नाही, त्याची कारणे आता सांगण्यासारखी राहिलेली नाहीत.

मंगळवारी महिला मंडळ असते, तरी मंगळवार चालेल. कोणताही वार चालेल. माझे यजमान घेऊन येतील. पत्ता घातलेले पाकीट तिकीट लावून सोबत ठेवले आहे.

मला भीती वाटते. कोणत्या दिवशी यायचे ते कृपया उलट टपाली कळवावे."