तीन कुलपांची पेटी आणि माझी किल्ली

मी, या घराची मालकीण आणि याच घरात बसून आयुष्यभर लोकांचे कपडे शिवणारी बाई, पूर्ण शुद्धीत, मन ठिकाणावर ठेवून आणि कोणाच्याही गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. लिहिताना दार आतून लावले आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी गेल्यावर 'काकूंचं डोकं शेवटी ठिकाणावर नव्हतं' असे कोण म्हणेल हे मला आजच ठाऊक आहे. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच, तर ते खोटे समजावे.

१. घर. हे घर माझ्या शिवणावर उभे राहिले. माझ्या नवऱ्याचा त्यात एक खिळासुद्धा नाही. त्याने एकच व्यवहार केला. मी माहेरी गेले असताना माझे शिवणयंत्र विकले आणि त्या पैशांसोबत स्वतःही गेला. यंत्राचे फार वाईट वाटले. पुढे संस्थेच्या बाई दारात आल्या. एकट्या पडलेल्या बायकांना धंद्यासाठी छोटे कर्ज आणि त्यांच्या मुलांना शिकवणी, असे त्यांचे काम. तारण नको म्हणाल्या. मी म्हटले, "तारण नको? मग तुम्हाला हवंय तरी काय?" त्या नुसत्या हसल्या. हसून बोलणारी माणसे मी दोनदा तपासते. बाईंना आजतागायत तपासते आहे. काही सापडलेले नाही, पण म्हणून तपास थांबवलेला नाही.

माझ्या पश्चात हे घर संस्थेला द्यावे. अट अशी की, पुढच्या खोलीत मुलांची शिकवणी आणि आतल्या खोलीत बायकांची कर्जाची पेटी राहिलीच पाहिजे. संस्थेने घर विकले, भाड्याने दिले किंवा पाहुण्यांसाठी सोफे टाकून तिथे कार्यालय थाटले, तर त्या दिवसापासून घर माझ्या पुतण्याचे. हा पुतण्या गेल्या वर्षापासून दर रविवारी फळे घेऊन येतो. त्याआधी त्याला माझा पत्ता सापडत नव्हता. "काकू, एकटीला एवढं घर कशाला?" असे विचारतो आणि बोलता बोलता भिंतीवर टकटक करून पाहतो. वरच्या अटीमुळे तो संस्थेवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवील. इतका जागता राखणदार पगार देऊनही मिळाला नसता. फळांबद्दल आभार.

२. शिवणयंत्र आणि मोठी कात्री पुतण्याच्या बायकोला, तिच्या एकटीच्या नावे. यंत्र पलंगाच्या पायाला साखळीने बांधलेले आहे. साखळीसकट द्यावे. नवरा चांगला वागत असला तरी साखळी काढू नये.

३. फोटो. माझा फोटो संस्थेच्या फलकावर लावू नये. 'आधी' आणि 'नंतर' अशा जोडीत तर मुळीच नको. एकदा संस्थेच्या एका पाहुण्याने मला फोटोसाठी जरा उदास बसायला सांगितले. मी त्याला त्याच्या सदऱ्याचे बटण लोंबते आहे हे दाखवले, शिवून दिले आणि पैसे आगाऊ घेतले.

४. किल्ली. हे कलम नीट वाचावे. पेटी लोखंडी आहे आणि तिला तीन कुलपे आहेत. एक किल्ली संस्थेच्या बाईंकडे, एक अंडेवालीकडे, एक माझ्याकडे. तिघी हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. तीन कुलपे संस्थेने आणली, पण नियम माझा. ज्यांचे आपसांत पटते त्यांना किल्ल्या द्यायच्या नाहीत. दोघींचे सूत जमले की तिसरीला गुंडाळायला वेळ लागत नाही. म्हणून किल्लीवाल्यांत वाकडे असलेच पाहिजे, आणि मैत्री झालीच तर एकीने किल्ली सोडायची. बाई म्हणाल्या, "अहो, असं कसं? आपल्याला बायकांचा एकमेकींवरचा विश्वास वाढवायचाय ना?" मी म्हटले, "वाढवा की. कुलूप लावून वाढवा."

अंडेवालीला किल्ली मिळाली ती माझ्याशी उभा दावा होता म्हणून. तिच्या पोलक्याची बाही मी तोकडी शिवली, असे ती गल्लीभर सांगत सुटली होती. (बाही तोकडी नव्हती. दंड वाढला होता. हे इथे कायमचे नोंदवून ठेवते.) पेटी माझ्या घरात, म्हणजे मी तिच्याशी काहीतरी खेळ करत असणार, ही तिची ठाम समजूत. म्हणून अंडी विकायला निघाली की रोज सकाळी आधी माझ्याकडे यायची आणि तिन्ही कुलपे ओढून पाहायची. "विश्वास नाही असं नाही," म्हणायची, "पण नाहीच."

गेल्या हिवाळ्यात मी न्हाणीघरात पडले. उठता येईना, आवाज फुटेना. बाई परगावी होत्या, आणि पुतण्याचा तो वार नव्हता. सकाळी अंडेवालीने दार वाजवले. मी उघडेना. आत मी पेटी फोडत बसले आहे अशी तिची खात्रीच झाली, आणि तिने खांदा मारून दार तोडले. "सापडलीस!" असे ओरडतच ती आत आली, हे मी माझ्या कानांनी ऐकले. मग टोपली तशीच खाली टाकून तिने मला उचलले. एक अंडे वाचले नाही. त्याची भरपाई तिने अजून मागितलेली नाही, त्यामुळे आधी मला संशयच आला.

पुढे कितीतरी दिवस तिने मला हाताने भरवले. त्यात आमचे जमले. चांगलेच जमले. तिला यायला उशीर झाला तर आता माझा जीव खालीवर होतो. नियमाप्रमाणे एकीने किल्ली सोडायला हवी होती. पण किल्ली गेली की तिला रोज सकाळी यायला कारण काय उरणार? नुसते भेटायला म्हणून कोणाकडे जायची आम्हा दोघींनाही सवय नाही. म्हणून पेटीच्या बैठकीत आम्ही चारचौघींसमोर भांडत राहिलो, त्याच बाहीवरून. बाई समजूत घालून घालून थकल्या. त्यांची मी मनापासून क्षमा मागते.

माझी किल्ली पुतणसुनेला द्यावी. तिच्यात आणि अंडेवालीत विस्तव जात नाही, आणि बाईंना ती तोंडावर उलट बोलते. त्यामुळे नियमात चोख बसते. नवऱ्याने किल्ली मागितली तर खुशाल दाखवावी. एका किल्लीने पेटी उघडत नाही, आणि अंडेवाली दार कसे तोडते हे त्याने ऐकलेले आहे.

५. बांगडी. माझी सोन्याची बांगडी अंडेवालीच्या नावे करायची होती. ती वकिलांना म्हणाली, "साक्षीदारालाही काही मिळतं का हो यात?" वकील म्हणाले, मिळत नाही. "मग मला साक्षीदार करा."

मी म्हटले, "अगं, वेडी का खुळी? सोनं आहे."

"म्हणूनच. दिलंस तर तुझ्या पुतण्याला वाटेल, मी त्यासाठीच येत होते. आणि एखाद दिवशी तुलाही वाटेल. तुझा स्वभाव मला माहीत नाही होय?"

ती खरे बोलत होती. मला वाटले असते. मला याची लाज वाटते आणि तिच्याबद्दल माया वाटते, दोन्ही इथे लिहून ठेवते. बांगडी मोडून पैसे पेटीत टाकावेत. सोनाराकडे तिघी किल्लीवाल्यांनी मिळून जावे.

या मृत्युपत्राच्या दोन प्रती आहेत. एक वकिलांकडे. दुसरी कुठे आहे ते सांगत नाही.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली, मुलांची शिकवणी सुटल्यावर.
तारीख: वकिलांच्या शिक्क्यात आहे तीच. दुसरी कोणी घातल्यास ती खोटी.

सही: शिवणकाम करणारी, घराची मालकीण

साक्षीदार पहिल्या: डॉक्टर. मृत्युपत्र करणारी बाई शुद्धीत आहे. माझी पदवी खरी आहे का, हे तिने सही घेण्याआधी विचारले.

साक्षीदार दुसरी: अंडेवाली. अंगठा नाही, सही. याच खोलीत पोरांच्या मागे बसून शिकले. हिने माझ्यासमोर सही केली. भांडण खोटं होतं. बाही तोकडीच होती. उद्या सकाळी येते, कुलूप बघायला.