तीनशे एक बिघाड

१ ऑक्टोबर १९८७, खंडेनवमी
आज कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा. वजनकाटा, क्रेन, टाइपरायटर, सगळ्यांना हळद-कुंकू. कॉम्प्युटर गेल्याच आठवड्यात आलाय. त्याला हात लावायचा अधिकार फक्त मला, म्हणून पूजा मीच केली. कीबोर्डवर मूठ भरून अक्षता टाकल्या. नव्या पाहुण्याला कमी का करायचं?
पंधरा तारखेला बॉयलर पेटवायचा समारंभ. दुष्काळानं ऊस वाळलाय, गाळायला काय आहे हा प्रश्नच आहे, पण कॉम्प्युटर आहे! पाहुण्यांसमोर तो चालला तर चेअरमन आण्णासाहेब मला कायमचा ‘कॉम्प्युटर इन-चार्ज’ करणार. नाही तर परत टाइम ऑफिसात हजेऱ्या मांडायला, हेडक्लार्क गुरुसिद्धप्पांच्या हाताखाली. चालणारच. बोर्ड येरमाळ्याच्या पेंटरकडून आधीच रंगवून घेतला. माझं नाव जरा मोठं आलंय. असू दे.

३ ऑक्टोबर, सकाळी
मशीन सुरू होत नाही. नुसतं पीं पीं करतंय.
घाबरण्याचं कारण नाही. पुण्याला आठवडाभर ट्रेनिंग झालंय (त्यातले दोन दिवस सुट्टी, एक दिवस मला ताप). डायग्नोस्टिक फ्लॉपी म्हणून एक चीज असते. ती घालून मशीन चालू केलं की ते स्वतःची नाडी स्वतःच बघतं आणि दुखणं सांगतं. नाडी कळणारा माणूस मात्र समोर पाहिजे.

५ ऑक्टोबर
फ्लॉपी घातली. तपासणी सुरू. मी बोटही लावलं नाही, तरी पडद्यावरच्या ओळी आपोआप पळत होत्या. काय स्पीड! शेवटी आकडा आला: ३०१.
म्हणजे तीनशे एक बिघाड. कंपनीनं फसवलं.
लगेच आण्णासाहेबांना रिपोर्ट दिला. त्यांनी आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, “तीनशे एक? आरं, आपल्या अख्ख्या कारखान्यात बी येवढं बिघाड न्हायती.”

६ ऑक्टोबर
गुरुसिद्धप्पा म्हणतात, “आदी त्ये पुस्तक तर उघडून बघा की.” मॅन्युअल मी पूजेच्या दिवशीच लाल कापडात बांधून कपाटात ठेवलंय. इतकी महाग वस्तू उगाच हाताळायची नसते. शिवाय ते इंग्रजीत आहे. मला येतं, तो प्रश्न नाही. पण ज्याला येतं त्याला पुस्तक कशाला लागतं? गुरुसिद्धप्पा जळतात, दुसरं काही नाही.

८ ऑक्टोबर
ही म्हणाली, “दृष्ट लागली आसंल. समदी येऊन बघून गेली न्हवं?” हिचं म्हणणं मी सहसा ऐकत नाही, पण शास्त्रालाही मर्यादा असतात. पूजा परत केली. या वेळी डायग्नोस्टिक फ्लॉपीलाही कुंकू लावलं, कारण खरं औषध तीच. तिच्या मधल्या उघड्या जागेवर बोट छान बसतं. अक्षता पुन्हा.
दुपारी मशीन लावलं. आता दोन आकडे: ३०१ आणि ६०१. एकूण नऊशे दोन बिघाड. रोग वाढतोय. वेळीच लक्ष घातलं म्हणून बरं.

११ ऑक्टोबर
आण्णासाहेब म्हणाले, कंपनीच्या सोलापूरच्या इंजिनिअरला फोन लाव. लाइन मिळत नाही असं सांगितलं. लावली नाही, त्यामुळं मिळाली नाही. मी एवढी मेहनत करायची आणि क्रेडिट त्यानं न्यायचं?
उद्यापासून लक्ष लावून काम करणार. आज शक्य नव्हतं. एअर कंडिशनर फक्त मशीनच्या खोलीत, त्यामुळं जेवणानंतर चार डायरेक्टर तिथंच आडवे.

१४ ऑक्टोबर
मशीन तसंच. पण पाहुण्यांपुढं काय बोलायचं ते पाठ झालंय.

१५ ऑक्टोबर
समारंभ. पाहुणे खोलीत आले. मी सांगितलं, मशीन सध्या तपासणीच्या अवस्थेत आहे, पेशंटला डिस्टर्ब करू नये. पाहुण्यांनी माना डोलावल्या. जमलं होतं!
तेवढ्यात मागून एक बॅगवाला पुढं आला. सोलापूरचा इंजिनिअर. आण्णासाहेबांनी परस्पर बोलावलेला. त्यानं आकडे बघितले, मॅन्युअल मागितलं. लाल कापडाची गाठ माझ्याच्यानं सुटेना. गुरुसिद्धप्पांनी सोडवली. इंजिनिअरनं पान काढून मोठ्यानं वाचलं: ३०१ म्हणजे कीबोर्ड, ६०१ म्हणजे फ्लॉपी. मग त्यानं कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला.
तांदूळ पडले. कुंकू पडलं. झेंडूची पाकळी पडली. एक दाणा बटणाखाली रुतला होता, तो त्यानं टाचणीनं काढला. स्वतःजवळची फ्लॉपी घातली. मशीन सुरू.
आण्णासाहेबांनी दाणा तळहातावर घेऊन पाहुण्यांना दाखवला. मला म्हणाले, “मशीनला जेवू घातलंस व्हय रं?” पाहुणे हसले. डायरेक्टरही हसले, माझ्याच एसीत झोपणारे.

१७ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. बिघाड आहे हे माझं निदान बरोबरच होतं. आकड्यात थोडा फरक पडला, इतकंच.
टाइम ऑफिसात परत जावं लागलं नाही. कॉम्प्युटर गुरुसिद्धप्पांकडे दिला. पण ‘इन-चार्ज’ हा शब्द आण्णासाहेबांनी माझ्यासाठी राखला.

१९ ऑक्टोबर
पेंटरनं बोर्डावरचा एकच शब्द बदलला. ‘टँकर इन-चार्ज’. नाव तेवढंच मोठं. कॉलनीच्या हौदावर लावलाय. घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाया तो वाचतात आणि पदर तोंडाला लावतात.
टँकर आला तेव्हा नारळ घेऊन पुढं झालो. ड्रायव्हरनं लांबूनच हात जोडले, म्हणाला, “सायेब, पूजा नगं. चालू हाय त्यो.”
संध्याकाळी हिनं ताटात भात वाढला. आज नको म्हणालो.