प्रेसिडेंटसाहेबांची बेकारी

अर्विंग,
१७ फेब्रुवारी २००२

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू हसतेस आणि त्या हसण्याचं बिल मला येतं.

बातमी अशी, की २५ जानेवारीला माझा प्रोजेक्ट संपला. चौदा महिने ज्यांच्या कंपनीत मी प्रोग्रॅमिंग केलं, ते त्र्यंबकराव स्वतः पार्किंगपर्यंत सोडायला आले. म्हणाले, टेलिकॉमचं मार्केट बसलंय, आपण सगळे एक कुटुंब आहोत, सोमवारपासून येऊ नकोस. बॅज मात्र तिथेच काढून घेतला.

तुला माहीतच आहे, मी त्यांच्या नोकरीत नव्हतो. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, की नोकरी काय कोणीही करतो, तू स्वतःची कंपनी काढ, मी तुझ्या कंपनीला कंत्राट देतो. म्हणून ‘प्रफुल्ल ग्लोबल सोल्युशन्स’. प्रेसिडेंट मी, स्टाफ मी. बाबांनी ते व्हिजिटिंग कार्ड आपल्या अख्ख्या इंदोरा वस्तीत दाखवलं.

ग्रीन कार्ड झालेलं आहे, तेव्हा बेकारभत्त्यासाठी सरकारी ऑफिसला फोन केला. पाऊण तास संगीत ऐकलं. मग एक बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, की त्यांच्या कॉम्प्युटरप्रमाणे मी या चौदा महिन्यांत एक दिवसही काम केलेलं नाही. मी म्हटलं, रोज साडेआठ ते सहा करत होतो. त्या म्हणाल्या, तुम्ही धंदेवाईक, धंदेवाल्यांना हा भत्ता नसतो. शिवाय कंपनीचे प्रेसिडेंट तुम्हीच, मग तुम्हाला काढलं कोणी? मी थँक्यू म्हणून फोन ठेवला.

सध्या घर दीपाच्या डे-केअरमधल्या नोकरीवर चाललंय. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

कळावे. लोभ आहेच, काम तेवढं नाही.

तुझा,
प्रफुल्ल


पिस्कॅटवे,
२६ फेब्रुवारी २००२

चि. प्रफुल्ल यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

प्रेसिडेंटसाहेबांचं पत्र मिळालं. स्टाफने स्वतः तिकीट चिकटवलेलं दिसलं. फोन केला नाहीस तरी मी हसलेच, आणि फुकट हसले.

आता गंभीर होते. मी इथे अकरा वर्षं पगारपत्रकांच्या टेबलावर बसतेय, तुझ्यासारखे प्रेसिडेंट ढिगाने पाहिलेत. कार्डावर काय छापलंय याला सरकार विचारत नाही. कामाची वेळ कोण ठरवायचं? खुर्ची, कॉम्प्युटर कोणाचा? दुसऱ्या कोणाचं काम घ्यायची तुला मुभा होती का? या सगळ्यांचं उत्तर ‘त्र्यंबकराव’ असेल, तर तू नोकर होतास. त्यांनी तुझ्यावरचा कर आणि विमा वाचवला, आणि वर तुला प्रेसिडेंट केलं. प्रेसिडेंटच्या खुर्चीत तू फक्त शोभेला.

त्या ऑफिसकडून चौकशीचा फॉर्म मागव. आणि भत्ता मिळो न मिळो, दर दोन आठवड्यांनी फोन करून हक्क सांगत राहा, कुठे कुठे अर्ज केलेस ते लिहून ठेव. नाहीतर जिंकशील, आणि मधल्या आठवड्यांचे पैसे बुडून हात चोळत बसशील.

आणि ते ‘कुटुंब’ फार मनावर घेऊ नकोस. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला याच कुटुंबाने तुला खुर्च्या मांडायला दुपारी दोनला बोलावलं होतं, आणि स्टेजवर सत्कार झाले तेव्हा प्रायोजकांच्या गाड्या लावायला पाठवलं होतं. तूच हसत हसत सांगितलंस. मला तेव्हा हसू आलं नव्हतं.

दीपाला जयभीम. उत्तर लवकर धाड, सेक्रेटरीची वाट पाहू नकोस.

तुझी,
सुजाताताई


अर्विंग,
२४ मार्च २००२

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

फॉर्म भरला. वीस प्रश्न होते. एकेक उत्तर लिहिताना माझी कंपनी लहान लहान होत गेली. शेवटी तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं फक्त एक स्टेपलर उरलं.

चौकशीचं पत्र पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी त्र्यंबकरावांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. त्या चौदा महिन्यांत कधीच बोलावलं नव्हतं. श्रीखंड वाढता वाढता म्हणाले, की गैरसमज कुटुंबात होतातच. इथे जवळच फ्रिस्कोला सहा महिन्यांचा प्रोजेक्ट आहे, सोमवारपासून कामावर बस. फक्त एका कागदावर सही कर, की मी पहिल्यापासून स्वतंत्र व्यावसायिक होतो आणि चौकशीची गरज नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या परीक्षितने तर आधीच लिहून दिलंय म्हणे, की आम्ही सगळे आपल्या मर्जीने येतो-जातो. तोही प्रेसिडेंट आहे. तिथे आम्ही सात जण होतो, सगळे प्रेसिडेंट.

 घरी आल्यावर दीपा तो कागद फ्रिजवर लावून म्हणाली, की सही तुझी आहे, तू ठरव.

ताई, खरं सांगू? सही करावीशी वाटतेय. काम हातात येतंय, आणि दुसरं म्हणजे बाबा. ज्यांनी मुलगा मालक झाला म्हणून पेढे वाटले, त्यांना आता कोणत्या तोंडाने सांगू, की मी अर्ज करून नोकर व्हायला निघालोय?

राग आला तरी लिहीत राहा.

तुझा,
प्रफुल्ल


नागपूर,
८ एप्रिल २००२

चि. प्रफुल्ल यास,
अनेक आशीर्वाद. जयभीम.

सुजाताने फोनवर सगळं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, मी खोदून खोदून विचारलं.

कारखान्यात अकरा वर्षं मी ठेकेदाराचा माणूस होतो. काम कारखान्याचं, घाम माझा, आणि हजेरीपटावर नाव नाही. ते नाव चढावं म्हणून आम्ही एकोणीस दिवस गेटवर बसलो. चढलं त्या दिवशी तुझ्या आईने खीर केली. त्या नावाच्या पगारावर तू इंजिनियर झालास. आणि आता नोकर म्हणवून घ्यायची तुला लाज वाटते?

तुमची अमेरिका मात्र पुढारलेली. आमचा ठेकेदार आम्हाला हाकलायचा. तुमचा तर तुम्हालाच ठेकेदार करतो आणि मग हाकलतो.

मी कायदा जाणत नाही. एवढंच सांग, रजा हवी असली की तू कळवत होतास, की मागत होतास? मालक कळवतो.

पेढे वाटले ते लोकांनी खाल्ले, ते काही कोणी परत मागत नाही. कार्ड जाड आहे, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली छान बसलं.

सूनबाईंना आशीर्वाद. तब्येत सांभाळ.

तुझा,
बाबा


अर्विंग,
११ ऑगस्ट २००२

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

बाबांचं पत्र आलं त्याच दिवशी फ्रिजवरचा कागद फाडला, हे तुला कळवलं होतं. पुढचं आता सांगतो.

मागच्या महिन्यात फोनवर सुनावणी झाली. एका लाइनवर मी, दुसऱ्या लाइनवर त्र्यंबकराव आणि त्यांचे वकील, मध्ये अधिकारी बाई. त्र्यंबकराव वीस मिनिटं माझ्या स्वातंत्र्याचं वर्णन करत होते. इतकं सुंदर, की मलाच हेवा वाटला. मग बाईंनी मला विचारलं, काही कागद आहेत का? त्र्यंबकरावांची एक ईमेल मी आधीच पाठवून दिली होती, ती बाईंनी मोठ्याने वाचली: प्रफुल्ल, यापुढे ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये सुकट गरम करायची नाही, जेवायला साडेबारालाच बसायचं आणि पाऊण तासात टेबलावर परत यायचं.

बाईंनी सुकट म्हणजे काय ते विचारलं. मी म्हटलं, सुकवलेली बारीक कोळंबी, आमच्या घरी आवडीने खातात. मग त्यांनी त्र्यंबकरावांना विचारलं, की ज्या ज्या कंपन्यांशी तुम्ही व्यवहार करता, त्या सगळ्यांच्या प्रेसिडेंटनी दुपारी काय खायचं हे तुम्हीच ठरवता का? लाइनवर फक्त वकिलांचा खोकला ऐकू आला. ताई, तो डबा खाताना त्या दिवशी मी जिन्यात जाऊन बसलो होतो, थंडच खाल्लं होतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

निकाल लागला. सरकारच्या मते मी नोकर होतो, आणि आता रीतसर बेकार आहे. मागचा सगळा भत्ता आला. दीपाने निकालाचं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, चला, आता बेकार नवऱ्याबरोबर उजळ माथ्याने फिरता येईल. तेही सुख थोडकंच, कारण पुढच्या सोमवारपासून प्लेनोच्या एका विमा कंपनीत लागतोय. पद साधं, पगार जरा कमी. मंडळाच्या पिकनिकचं बोलावणं यंदा आलं नाही. खुर्च्या कोणी मांडल्या कोण जाणे.

काल संध्याकाळी दार वाजलं. परीक्षित उभा होता. शुक्रवारी त्यालाही पार्किंगपर्यंत सोडलं म्हणे. बराच वेळ बुटांची लेस सोडत बसला. मग म्हणाला, की त्र्यंबकरावांना ते लिहून दिलं तेव्हा घराचे हप्ते डोळ्यांपुढे होते. मनात आलं, याला दारातूनच परत पाठवावं. चांगलं एक तिखट वाक्यही तयार होतं. पण दीपाने आधीच चहा टाकला होता.

फॉर्मची एक कोरी प्रत माझ्याकडे उरली होती, ती दिली. तो फार सावकाश, घोटीव अक्षरात लिहीत होता. मालकाचं नाव या रकान्यात त्याने सवयीने स्वतःचंच नाव लिहिलं. दीपाने त्याच्या हातातलं पेन घेऊन ते खोडलं, आणि पेन पुन्हा त्याच्या हातात दिलं.

कळावे. तुझा लोभ आणि तुझं हसणं, दोन्ही चालू ठेव.

तुझा,
प्रफुल्ल