क्लचची स्प्रिंग

९ जानेवारी
वेंडेल ऑस्टबी आज गिरमीट टाकून गेला. गोठलेल्या तळ्यावर मासेमारीसाठी बर्फाला भोकं पाडायचं, पेट्रोलवरचं, दहा इंची. "सुरू होतं आणि पाच मिनिटांत मरतं, मार्लिस. अगदी माझ्यासारखं!" एकाहत्तर वर्षांचा आहे, पण जीभ अजून तिशीतली. त्याची बायको बर्नाडीन गाडीतच बसून होती, हात हलवला.

दुपारभर तेच. टाकीत गेल्या हिवाळ्यातलं पेट्रोल — गुळाच्या पाकासारखं चिकट! कार्ब्युरेटर उघडून धुतला. आतला पडदा कडक झालेला, तो बदलला. प्लग नवा, नळी नवी. पात्यांना धार लावली. पहिल्याच झटक्याला सुरू झालं. मी खूश.

मग खटका सोडला. इंजिन मंद झालं, पण मळसूत्री दांडा फिरतच राहिला. सावकाश, पण फिरतोय. क्लच उघडला. खटका सोडला की दांडा इंजिनापासून सुटा करते ती स्प्रिंग ताणून सैल झालेली. माझ्याकडे तशी नाही. मागवली — दहा दिवस लागतील म्हणतात.

१० जानेवारी
वेंडेल सकाळीच हजर. "उद्या रविवार. उद्या मासे खाल्ले नाहीत तर मी म्हातारा होईन." मी म्हटलं, थोडं थांब. तर हसत म्हणतो, "हायवेवरच्या नव्या दुकानात बॅटरीवाली गिरमिटं आली आहेत म्हणे. तिथे थांबावं लागत नाही."

गंमतच करत होता. मला लागली. नाताळापासून चार गिऱ्हाइकं त्या दुकानात गेलीत. दुकान बाबांचं होतं तेव्हापासून ऑस्टबींच्या घरचं काम कधी दुसरीकडे गेलेलं नाही.

स्लोचा स्क्रू, खटका सोडल्यावरची गती ठरवतो तो, सैल केला. इंजिन इतकं मंद की दांडा थांबला. चालून जाईल. दहा दिवसांचा तर प्रश्न.

"झालं," म्हटलं. "फक्त या स्क्रूला हात लावू नकोस." का, ते सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. माझ्या कामाबद्दल तो कधी विचारत नाही.

११ जानेवारी
उणे एकतीस. अकराच्या सुमारास सायरन. तळ्याच्या बाजूने.

१२ जानेवारी
वेंडेल. डावा पाय — दांड्यात विजार गुंडाळली गेली आणि मग गुडघ्याखाली सगळं. हेलिकॉप्टरने डुलुथच्या मोठ्या हॉस्पिटलात नेला. कॅफेत सगळे तेच बोलत होते. एकटा होता म्हणे, पाय घसरला म्हणे. शुद्धीत आल्यावर त्याने स्वतःच सांगितलं — "माझाच मूर्खपणा." 

माझी कॉफी तशीच राहिली.

१५ जानेवारी
बर्नाडीनचा फोन. "हे माझ्या दारातून घेऊन जा. विक, मोड, काहीही कर." गेले. शेडमध्ये गिरमीट आडवं पडलेलं, वर पोतं टाकलेलं. तिने कॉफी विचारली नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. डुलुथला गेली नव्हती. मुलगी तिथे आहे म्हणाली. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस." तिने असं पाहिलं — जणू मी तिच्या थोबाडीत मारली.

१६ जानेवारी
क्लच उघडला. स्प्रिंगचे दोन तुकडे.

स्लोचा स्क्रूही अर्धा वळसा आवळलेला. साहजिक आहे! एवढ्या थंडीत इतक्या मंद गतीवर इंजिन बंद पडत राहणार. कोणीही आवळला असता. म्हणजे चूक त्याचीही आहे. हे वाक्य मी आज दहा वेळा तरी मनात म्हटलं. पण मग पुढचं वाक्य येतंच — मी कारण सांगितलं असतं तर त्याने हात लावला असता का?

१९ जानेवारी
नवी स्प्रिंग पोस्टाने आली. बसवली. खटका सोडला की दांडा जागच्या जागी थांबतो. आता कोणीही उघडून पाहावं, कसला दोष नाही.

काम नेहमीसारखंच सफाईने झालं. त्याचीच भीती वाटली.

२२ जानेवारी
वेंडेलचं पाऊल कापून काढलं. घोट्याच्या वरून.

चर्चमध्ये त्यांच्यासाठी जेवण होतं. मीही बटाट्याचा हॉटडिश ओव्हनमध्ये भाजून नेला, म्हणजे भांडं घेऊन उभं राहायला कारण. लॉयल स्वेन्सन, तळ्यावर मासेमारीच्या झोपड्या ओढून नेतो तो, ताट भरता भरता म्हणाला, "तुझ्याकडूनच नुकतं दुरुस्त होऊन आलं होतं ना? मग मशीन ठीकच असणार."

"हो," म्हटलं.

एवढंच. हो.

बर्नाडीन कोपऱ्यात बसली होती, कोट न काढता. ताट समोर, घास एकही नाही. लॉयलचं बोलणं आणि माझं हो तिनेही ऐकलं. उठली आणि निघून गेली.

२३ जानेवारी
दुकान उघडलं नाही.

२७ जानेवारी
तिघांची गिरमिटं आली आहेत. प्रत्येकाचा क्लच उघडते. कोणी सांगितलेलं नसताना. मग झाकण लावते आणि परत उघडते.

३१ जानेवारी
डुलुथला गेले. तीन तास, वाटेत दोनदा गाडी बाजूला घेतली.

वेंडेल बारीक झालाय. मला पाहून म्हणाला, "ये, ये. आता बूट एकच घ्यावा लागेल, अर्ध्या किमतीत!" मी हसले नाही. स्प्रिंगचे दोन्ही तुकडे त्याच्या पांघरुणावर ठेवले. सगळं सांगितलं. सैल स्प्रिंग, स्क्रू, न सांगितलेलं कारण, नंतर बसवलेली नवी स्प्रिंग, लॉयलला म्हटलेलं हो. सगळं.

त्याने एक तुकडा उचलून उजेडात धरला. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे खटका सोडला तरी फिरत राहिलं असतं?"

"हो."

"कोणाच्याही हातात?"

"कोणाच्याही."

"बर्नाडीनला सांगितलंस?"

"नाही. आधी तुला सांगायचं होतं."

"आधी तिला!" केवढ्याने म्हणाला! नर्स डोकावली. चेहरा लाल झालेला. पायासाठी एकदाही आवाज चढवला नव्हता या माणसाने. "जा, मार्लिस. फोन करू नकोस. तिच्यासमोर उभी राहून सांग. जा!"

गेले. तिच्या दारात पोचेपर्यंत घरातले दिवे मालवलेले. दार वाजवायचा धीर झाला नाही. सकाळी.

१ फेब्रुवारी
सांगितलं. दारातच.

बर्नाडीन म्हणाली, "गिरमीट माझ्या हातात होतं."

त्याचा खांदा दुखत होता, म्हणून भोकं ती पाडत होती. इंजिन सारखं बंद पडायचं, तो स्क्रू त्याने आवळून दिला. तिने खटका सोडला, दांडा वर काढला आणि त्याच्याकडे वळली — दांडा फिरतच होता. एकटा होतो, ही गोष्ट त्याने हॉस्पिटलात रचली. तिच्यासाठी. "तीन आठवडे रात्र रात्र मी हे बोट बघतेय," म्हणाली. "खटका सोडला होता की नाही, सोडला होता की नाही. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, मशीन ठीक होतं."

मग म्हणाली, "जाऊ नकोस. पण माझ्याशी बोलूही नकोस." आणि सकाळी दहा वाजता, कोट घालूनच, झोपायला गेली.